मामाने न आणलेला ग्रह

मंडळी, दिवाळी जवळ आली की आमच्याकडे माळा साफ करायचा कार्यक्रम असतो. पूर्वी मी शिडीवर आणि ही खाली असायची. आता शिडीवर शेजारच्या वाड्यातला एक होतकरू मुलगा चढतो आणि आम्ही दोघंही खालून सूचना करतो. (निवृत्त झाल्यावर शिक्षकाचा पगार थांबतो, सूचना थांबत नाहीत.) तर यंदा त्याने वरून विचारलं, "सर, हा गोळा टाकायचा का ठेवायचा?"

बघतो तर पृथ्वीचा गोल. कणा वाकलेला, पॅसिफिक महासागराला पोचा आलेला. त्यावर सोव्हिएत युनियन अजून अखंड आहे आणि जर्मनी दोन आहेत. आणि विषुववृत्तावरून सगळीकडे फिरलेला एक पिवळट, चिकट पट्टा आहे.

"ठेव," मी म्हटलं. "टाकायचा नाही. खाली दे."

मागच्या वेळी मी कबूल केलं होतं की पुढचा लेख आमच्या शाळेच्या ग्रंथालयावर लिहीन. ते आता पुढे कधीतरी. आज एका खेळण्याचा इतिहास सांगणार आहे. छत्तीस वर्षं इतिहास शिकवला, शिवकाल आणि पेशवाई कोळून प्यायलो, फ्रेंच राज्यक्रांती तर झोपेतही सांगेन. पण म्हातारपणी खेळण्याचा इतिहास लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. नातेवाईकांपैकी जे हे वाचतील त्यांना यातला मामा कोण हे लगेच कळेल. त्यांनी शेवटपर्यंत वाचावं, एवढीच विनंती.

तर झालं असं. १९८८ चा मे महिना. आमचे चिरंजीव दहा वर्षांचे. त्यांचा मामा, म्हणजे हिचा धाकटा भाऊ, तेव्हा दुबईला नोकरीला होता आणि वर्षातून एकदा, मे महिन्यात यायचा. तो येणार म्हणजे बहिणीला साबण आणि अत्तर, मला पेन आणि मुलाला काहीतरी नवलाचं. त्या वर्षी त्याने व्हिडिओ कॅसेट आणली. घरात व्हीसीआर कुठला असायला! साताऱ्यात तेव्हा तो भाड्याने मिळायचा, दिवसाच्या हिशोबाने, रंगीत टीव्हीसकट. भाडं दिलंय म्हटल्यावर ते वसूल करायचं हा आपला बाणा, त्यामुळे आळीतली वीसेक पोरं जमवून तो सिनेमा एका दिवसात तीनदा लावला गेला.

सिनेमा इंग्रजी, कार्टूनचा. मोटारींचे राक्षस होतात आणि राक्षसांच्या मोटारी, एवढंच मला समजलं. पण सुरुवात मात्र माझ्याही लक्षात राहिली. अंधारात एक भलामोठा ग्रह सरकत येतो, भोवती कडं असलेला, शनीसारखा. दुसऱ्या एका हसत्याखेळत्या ग्रहाजवळ जातो, पुढच्या बाजूने मोठाल्या नांग्यांसारखा जबडा उघडतो आणि तो अख्खा ग्रह गिळून टाकतो. म्हटलं तर ते अंतराळयान, म्हटलं तर ग्रह, म्हटलं तर प्राणी. आणि शेवटाकडे तो ग्रह उलगडतो आणि त्याचा शिंगं असलेला, पंख असलेला एक महाकाय पुरुष होतो. हा युनिक्रॉन.

चिरंजीव खुळावले. मामा परत निघाला तेव्हा त्याने मामाच्या हातात वहीचं एक पान दिलं. पेन्सिलीने काढलेलं वर्तुळ, त्याभोवती कडं, पुढे दोन नांग्या. "मामा, हा आण. पुढच्या वेळी नक्की."

"आणतो की," मामा म्हणाला.

आता जरा मागे जायला हवं. हे मोटारींचे राक्षस आले कुठून? मला हे सगळं मुलानेच पुढे सांगितलं, थोडं माझं मी वाचलं. मूळ जपानी आहे. ताकारा नावाची खेळण्यांची कंपनी. त्यांनी १९८० मध्ये डायाक्लोन नावाची मालिका काढली. मोटारीचा यंत्रमानव व्हायचा आणि आत बोटाएवढा माणूस चालक म्हणून बसायचा. म्हणजे ते यंत्र होतं, जिवंत पात्र नव्हतं. दुसऱ्या एका मालिकेत नेहमीच्याच वस्तू, कॅसेट प्लेअर, सूक्ष्मदर्शक, पिस्तूल, यांचे यंत्रमानव होत. अमेरिकेतल्या हॅस्ब्रो कंपनीने या दोन्ही मालिकांमधली खेळणी उचलली, एकत्र केली आणि १९८४ मध्ये ट्रान्सफॉर्मर्स या नावाने बाजारात आणली. आतला चालक काढून टाकला आणि ठरवलं की ही यंत्रंच जिवंत आहेत. त्यांना नावं, स्वभाव, भांडणं देण्याचं काम मार्व्हल या चित्रकथा छापणाऱ्या मंडळींकडे गेलं. तिथल्या बॉब बुडियान्स्की या गृहस्थाने बहुतेक पात्रांची नावं ठेवली. म्हणजे खेळणी आधी, कथा नंतर. आपल्याकडे आधी कथा आणि मग गणपतीचं मखर. इथे मखर आधी आलं.

हा उलटा क्रम ध्यानात ठेवा, कारण युनिक्रॉनच्या बाबतीत तो पुन्हा उलटला.

१९८६ च्या ऑगस्टमध्ये तो सिनेमा अमेरिकेत लागला. त्याचं एक कारण साधं व्यापारी होतं: जुनी खेळणी दुकानातून जाणार होती आणि नवी यायची होती. म्हणून मग सिनेमात जुन्या पात्रांची कत्तल झाली. मुलांचा लाडका नायक ऑप्टिमस प्राइम पहिल्या अर्ध्या तासातच मेला. थिएटरात पोरं हमसून रडली. एवढा गवगवा झाला की त्याच कंपनीच्या पुढच्या सिनेमात ज्या सैनिकाला मारायचं ठरलं होतं त्याला घाईघाईने नुसतं बेशुद्ध करण्यात आलं, आणि प्राइमलाही १९८७ मध्ये मालिकेत परत जिवंत करावं लागलं. खेळणी विकणाऱ्यांना तोवर वाटत होतं की पोरांचं प्रेम प्लास्टिकवर आहे.

युनिक्रॉनला आवाज दिला होता ऑर्सन वेल्सने. 'सिटिझन केन' काढणारा तोच तो. इंग्रजी सिनेमाचा अभ्यास करणारे ज्याचं नाव अदबीने घेतात तो माणूस, आयुष्याच्या अखेरीला एका खेळण्याच्या सिनेमात ग्रहाचा आवाज झाला. १९८५ च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला त्याने ते ध्वनिमुद्रण केलं आणि १० ऑक्टोबरला तो गेला. आज आपण एका खेळण्याचा आवाज झालो, असं त्याने आपल्या चरित्रलेखिकेला सांगितल्याचं प्रसिद्ध आहे.

गंमत बघा, वेल्स म्हणाला 'खेळणं', पण ते खेळणं नव्हतंच! सिनेमातली बाकीची बहुतेक पात्रं दुकानातून तरी पडद्यावर आली होती किंवा पडद्यावरून लगेच दुकानात जाणार होती. युनिक्रॉन मात्र चित्रकाराच्या कागदावर जन्मला. फ्लोरो डेरी या मूळच्या फिलिपिनो चित्रकाराने तो रेखाटला. त्याचं खेळणं काढायचा विचार झाला होता, नमुनेही तयार झाले होते. त्या नमुन्यांची छायाचित्रं पुढे संग्राहकांच्या हाती लागली. पण खेळणं विक्रीला आलं नाही. १९८६ मध्ये नाही, १९८७ मध्ये नाही, त्या सबंध दशकात नाही. सिनेमाही तिकीटबारीवर पडला.

आणि आमचा मामा १९८८ मध्ये दुबईच्या बाजारात वहीचं पान घेऊन ते शोधत होता.

हे अर्थात आम्हाला ठाऊक नव्हतं. दिवाळीत त्याचं पत्र आलं, "शोधतो आहे." नाताळच्या सुमाराला पुन्हा, "अजून मिळालं नाही, पण मिळेल." मुलगा रोज पोस्टमनची वाट बघायचा, जणू काही ग्रह पोस्टाने येणार होता. मग १९८९ च्या मेमध्ये मामा आला आणि बॅगेतून त्याने हा पृथ्वीचा गोल काढला. त्याच्या विषुववृत्ताभोवती पुठ्ठ्याचं कडं चिकटवलेलं, पिवळ्या रंगाने रंगवलेलं. रंग जरा पसरला होता.

मुलाने एकदा पाहिलं आणि तो आत निघून गेला.

आणि मंडळी, मी काय केलं? मी दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे जेवताना, सगळ्यांसमोर, मी मामाला म्हणालो, "जमत नसेल तर तसं सांगावं. पोराला वर्षभर झुलवत ठेवू नये." माझी समजूत अशी की तिकडे सोनं आणायला पैसे आहेत, भाच्याच्या खेळण्याला नाहीत. आठवड्याभराच्या आळसावर एक पुठ्ठा चिकटवून आणलाय. मामा काही बोलला नाही. नुसतं "बरोबर आहे दाजी" म्हणाला आणि ताटात बघत राहिला. ही माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती ती नजर मला आजही आठवते.

दुसरी गोष्ट म्हणजे जून महिन्यात शाळा सुरू झाल्यावर मी ते पुठ्ठ्याचं कडं ओढून काढलं आणि गोल वर्गात घेऊन गेलो. पृथ्वीला कडं नसतं, आणि मुलांना चुकीचं शिकवायचं नाही! गोल पुढे बरीच वर्षं वर्गात वापरला. कडं केरात गेलं.

त्यानंतर मामाने मुलासाठी खेळणं कधी आणलं नाही. यायचा, साबण आणायचा, सुकामेवा आणायचा. मुलाला पैसे द्यायचा, "तुला हवं ते घे" म्हणायचा. माझ्याशी नीट वागायचा. पण पूर्वी दाजी दाजी करत रात्री बारापर्यंत गप्पा मारायचा, ते बंद झालं.

आता पुढचा इतिहास. युनिक्रॉनचं पहिलं खेळणं बाजारात यायला २००३ साल उजाडलं. सिनेमानंतर सतरा वर्षं! तेव्हा 'आर्माडा' नावाची नवी मालिका चालू होती, तिच्यासाठी ते काढलं होतं. आमचे चिरंजीव तोवर शिकून, नोकरी लागून अमेरिकेत न्यू जर्सीला पोचले होते. तिथे दुकानात ते खेळणं दिसल्यावर पंचवीस वर्षांच्या त्या घोड्याने ते घेतलं आणि मला फोन करून सांगितलं. मी विचारलं, "मग आता झालं ना समाधान?" म्हणाला, "बाबा, चांगलं आहे. पण सिनेमातला तो नव्हे." मी मनात म्हटलं, ही कसली हौस आणि हा कसला हट्ट.

हा हट्ट त्याच्या एकट्याचा नव्हता, हे मला २०१९ मध्ये समजलं.

पण ते सांगण्याआधी नमुना आणि माल यांतला फरक सांगायला हवा, कारण सगळी मेख तिथे आहे. नमुना एकच असतो. तो हाताने घडवता येतो, यंत्रावर छापता येतो, निष्णात माणूस बसून ब्रशाने रंगवू शकतो. नमुना म्हणजे बघण्याच्या कार्यक्रमातला मुलगा. भांग पाडलेला, इस्त्रीचे कपडे, बोलायला नम्र. खरा स्वभाव नंतर. विकायचा माल तयार करायचा तर पोलादाचे साचे कोरावे लागतात. प्रत्येक तुकड्याचा आकार साच्यात उलटा कोरायचा, त्यात वितळलेलं प्लास्टिक दाबाने भरायचं, थंड झालं की तुकडा बाहेर. साचा एकदा झाला की त्यातून हजारो तुकडे स्वस्तात निघतात, पण तो साचाच अतोनात महाग. शंभर नग विकायचे असोत की लाख, साच्याचा खर्च तेवढाच. जे खेळणं एका रूपातून दुसऱ्या रूपात जातं त्याचे तुकडे जास्त, बिजागऱ्या जास्त, म्हणजे साचेही जास्त. आणि चेंडूसारख्या गोल वस्तूचा हात, पाय, बोटं असलेला माणूस करायचा म्हणजे तर डोक्याला तापच. कवच कुठे लपवायचं? जड खेळण्याचे पाय ते वजन पेलतील का? सांधा सैल राहिला तर हात खाली पडणार, घट्ट झाला तर प्लास्टिक तडकणार.

म्हणून असं महागडं खेळणं काढायला कंपन्या धजत नाहीत. दुकानदार ते ठेवत नाहीत. यावर हॅस्ब्रोने हॅसलॅब नावाची एक शक्कल काढली. आम्ही नमुना दाखवतो, किंमत सांगतो, मुदत देतो. अमुक इतक्या लोकांनी मुदतीत नाव नोंदवलं तर साचे करू. नाही नोंदवलं तर कोणालाच काही नाही, पैसेही कापणार नाही. २०१८ मध्ये त्यांनी 'स्टार वॉर्स' सिनेमातली जब्बाची नौका अशी काढली. पाचशे डॉलर किंमत, पाच हजार लोक हवे होते. आठ हजारांहून जास्त आले. उलट कुकी मॉन्स्टर या बाहुल्याचा हात पुरा झाला नाही आणि तो नमुन्यातच राहिला.

आपल्याला ही पद्धत नवी नाही हो. प्रकाशनपूर्व सवलतीत आपण कितीतरी ग्रंथ घेतले आहेत. आधी पैसे भरायचे आणि मग पुस्तक छापून कधी येतंय याची वाट बघायची. केतकरांनी ज्ञानकोशाचे तेवीस खंड काढले ते कंपनी काढून, भाग विकून, वर्गणीदार गोळा करत. ज्या लोकांनी पहिला खंड हातात येण्याआधी पैसे दिले त्यांना व्यवहारी जगाने तेव्हा काय म्हटलं असेल? मी मुलाला जे म्हटलं तेच.

२०१९ च्या जुलैमध्ये अमेरिकेतल्या सॅन दिएगोच्या मेळाव्यात युनिक्रॉनचा नवा नमुना दाखवला गेला. सिनेमातला तोच. उभा केला की २७ इंच उंच. ग्रह केला की कड्यासकट ३० इंच रुंद. वजन १९ पौंड, म्हणजे साडेआठ किलोच्या वर, आपल्याकडे वर्षाच्या बाळाचं असतं तेवढं. बोटं वेगवेगळी हलणारी. किंमत ५७५ डॉलरला एक सेंट कमी. त्या वेळच्या भावाने चाळीस हजार रुपयांच्या वर. आणि अट: ३१ ऑगस्टपर्यंत आठ हजार माणसं.

मुलाने पहिल्याच दिवशी नाव नोंदवलं. मी फोनवर ऐकलं आणि आवाज चढवला. चाळीस हजार! एका प्लास्टिकच्या चेंडूला! तुला दोन मुलं आहेत, घराचं कर्ज आहे. तो शांतपणे म्हणाला, "बाबा, अजून घेतलेलं नाही. आठ हजार झाले तरच. होतील असं वाटत नाही."

आणि खरंच होत नव्हते. तो आठवड्याला फोन करायचा, तेव्हा मी आकडा विचारायला लागलो. आधी उपहासाने, मग सवयीने. सुरुवातीला धडाक्यात नावं आली, मग संथ झाली. ३१ ऑगस्ट उजाडला तरी आकडा कितीतरी मागे होता. कंपनीने मुदत ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत वाढवली. आता त्या लोकांची अवस्था बघा. ज्यांनी नाव दिलं होतं त्यांना स्वतःला करण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. ते आपली नावं देऊन बसले होते आणि दुसऱ्यांना गळ घालत होते. कोणी भावाला पटवलं, कोणी मित्राबरोबर निम्मे निम्मे काढले, काहींनी एकाऐवजी दोन घेतले. जे खेळणं अजून अस्तित्वात नाही त्याच्या खांद्याचा सांधा कसा असेल, रंग नमुन्यासारखा उतरेल की फिका, यावर तासन्तास वाद घालणारी ही चाळिशीतली माणसं. एकेकाला पोरंबाळं, कोणाला टक्कल. सगळ्यांनी कुठेतरी, कधीतरी १९८६-८८ च्या सुमाराला तो ग्रह पडद्यावर पाहिलेला आणि कोणाकडे तरी मागितलेला.

शेवटच्या आठवड्यात नवरात्र चालू होतं. हिचे उपास, घरात घट बसलेले, आणि मी सकाळी उठून मुलाला विचारतोय, "किती झाले?" मुदत संपायला अगदी थोडा अवकाश उरला असताना आठ हजार पुरे झाले. तिकडे रात्र होती. मुलाचा फोन आला, मला वाटलं ओरडेल, नाचेल. तो म्हणाला, "झाले, बाबा." आणि मग बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "मामा असता तर त्याला सांगितलं असतं. हे खेळणं तेव्हा निघालंच नव्हतं. तो कुठून आणणार होता?"

मामा २०१६ मध्ये गेला.

मला ते पहिल्यांदा त्या दिवशी कळलं. मी विचारलं, "म्हणजे? तेव्हा मिळतच नव्हतं?" तर म्हणाला, "जगात कुठेच नव्हतं. मला हे वीस वर्षांपासून माहीत आहे. तुम्हाला कधी सांगावंसं वाटलं नाही." का वाटलं नाही, हे मी विचारलं नाही.

इतिहासाच्या शिक्षकाला पुरावा न तपासता निकाल देण्याची लाज वाटायला हवी. वर्गात मी शंभरदा सांगितलं असेल, की साधन नाही तर विधान नाही. आणि घरात, जेवणाच्या पानावर?

पुढे साचे झाले असतील, पहिले तुकडे निघाले असतील. असे पहिले तुकडे म्हणे रंग न बघता, हाताशी असेल त्या प्लास्टिकमध्ये काढतात. जोड बसतो का, एवढंच बघायचं असतं. मग चूक सुधारायची, साचा घासायचा, पुन्हा काढायचा. त्यातच २०२० चं साल आलं. कारखाने बंद, जहाजं बंदरात, माणसं घरात. आपण सगळेच तेव्हा कसली ना कसली वाट बघत होतो. खेळण्याची चौकशी करायची मला लाज वाटायची, आणि तरी करायचो. ते नीट चाललं आहे म्हणजे जग थोडंफार नीट चाललं आहे, असं काहीतरी मनात धरलं होतं. हसू नका. तुम्हीही त्या वर्षी काही ना काही धरलं असेल.

२०२१ च्या पूर्वार्धात खोकी लोकांच्या दारात पोचायला लागली. सिनेमापासून पस्तीस वर्षं. मुलाकडे खोकं आलं त्या दिवशी त्याने व्हिडिओ कॉल लावला. इकडे आम्ही दोघं, आणि पुण्याहून मामीला त्याने मुद्दाम जोडून घेतलं होतं. खोकं एवढं मोठं की नातवंडं त्यात बसून घेत होती. ते धूड बाहेर काढून त्याने टेबलावर ठेवलं. आधी माणूस. मग त्याचा ग्रह करायला लागला, एकेक पट्टी फिरवत, चोपडं बघत, घाम पुसत. त्यात इतका वेळ गेला की ही मध्ये उठून कुकर लावून आली. शेवटी गोळा झाला. त्याने कडं बसवलं, जबडा उघडला आणि कॅमेऱ्यासमोर धरायला गेला तर एका हाताने उचलेना.

मामी म्हणाली, "अगंबाई! हेच का ते?"

आणि मग तिने जे सांगितलं ते आम्ही कोणी कधी ऐकलेलं नव्हतं. वहीचं ते पान मामाच्या खिशातल्या डायरीत असायचं. शुक्रवारी सुट्टी, तर शुक्रवारी संध्याकाळी देराच्या बाजारात दुकान दुकान फिरायचा. पान दाखवायचा. दुकानदार म्हणायचे, हा तर शनी. कोणी फुटबॉल पुढे करायचा. मामाला सिनेमाचं नाव सांगता यायचं, पण ग्रहाचं नाव नीट उच्चारता यायचं नाही. निघायच्या आदल्या दिवशी एका पुस्तकाच्या दुकानात त्याने पृथ्वीचा गोल बघितला, तो घेतला आणि रात्रभर बसून खोलीतल्या खोक्याचा पुठ्ठा कापला. रंग मिळेना म्हणून शेजारच्या केरळी माणसाच्या मुलाकडून पिवळा घेतला. तो नीट वाळला नाही, तसाच बॅगेत घातला.

मी विचारलं, "मी तेव्हा त्याला काय बोललो होतो, ते त्याने तुम्हाला सांगितलं होतं?"

"हो," मामी म्हणाली. "म्हणाले, दाजींचं बरोबर आहे, पोराला आशा लावायला नको होती."

मी मामीची माफी मागितली. मागायची त्याची होती. मामी म्हणाली, "जाऊ द्या हो दाजी, किती वर्षं झाली." मुलगा तिकडे मान खाली घालून ग्रहाचं कडं उगाच नीट करत होता.

तर असं. यंदा माळ्यावरून गोल खाली आला तेव्हा तो मुलगा ओलं फडकं घेऊन बसला आणि पुसायला लागला. पॅसिफिक निघाला, आफ्रिका निघाली, सोव्हिएत युनियनही बऱ्यापैकी चकाकायला लागला. मग तो विषुववृत्तावर आला. डिंकाचा तो पिवळा पट्टा निघेना, तेव्हा म्हणाला, "सर, ब्लेडने खरवडू का?"

मी त्याच्या हातून गोल काढून घेतला. आता तो माझ्या टेबलावर आहे. कणा वाकलेलाच आहे, तो दुरुस्त करणारा माणूस साताऱ्यात कोणाला माहीत असेल तर कळवा.